विमान पाहावें घेऊन

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. ह्या दोन अनुभवांच्या पंक्तीला विमानहि बसवावें लागेल, हें आमच्या घरांत कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. साधी मोटार घ्यावयाची म्हटली तरी आमच्या घरीं महिनाभर खल चालतो. किंमतीविषयीं दादांचें मत, रंगाविषयीं वहिनींचें आणि दिवसाविषयीं आईचें, अशीं तीन मतें पडतात, आणि शेवटीं शेजारच्यांनीं जी घेतली तीच मोटार दाराशीं येऊन उभी राहते. विमानाच्या बाबतींत शेजारी उपयोगी पडण्यासारखे नव्हते. म्हणूनच कीं काय, तें काम माझ्याकडे आलें.

माझी पुतणी, म्हणजे दादांची धाकटी मुलगी, गेलीं कित्येक वर्षें अलास्कांत फेअरबँक्स येथें असते. उत्तरेकडील जी जमीन बारा महिने गोठलेली असते, तिचा अभ्यास हा तिचा व्यवसाय. तिचे यजमान तेथील शाळेंत गणित शिकवितात. वैमानिकाचा परवाना तिनें पांच वर्षांपूर्वीं मिळविला. तो मिळाल्यावरच आम्हांला कळविला, ही त्या पिढीची रीतच आहे. परंतु २०२३ च्या दिवाळीला तिचें जें पत्र आलें (संगणकावरून आलेलें, पण चांगलें चारपानी) त्यांत तिनें स्वतःचें विमान घेण्याचा विचार लिहिला होता, आणि खालीं माझ्यासाठीं चार ओळी होत्या: "काका, तुम्हीं चौतीस वर्षें एंजिनांत काढलींत. एकदां येथें येऊन पाहून जा. तुम्हीं नको म्हणालांत तर घेणार नाहीं."

हें पत्र आईला वाचून दाखविलें तेव्हां तिनेंहि मला एक काम सांगितलें. तें एवढेंच कीं, मीं जावें आणि नको म्हणून परत यावें. आईचें वय ८८. ह्या वयांत ती फारसें कांहीं मागत नाहीं. त्यामुळें जें मागते तें मोडवत नाहीं. वादी आणि प्रतिवादी दोघांनीं एकच वकील द्यावा तशी माझी स्थिति झाली.

हा पुतणीचा हट्ट होता कीं गरज, हें समजण्यासाठीं अलास्का म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. हें अमेरिकेचें सर्वांत मोठें राज्य. क्षेत्रफळ सुमारें १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपांचपट. आणि वस्ती २०२० च्या शिरगणतीप्रमाणें अवघी ७ लाख ३३ हजार. बहुतेक खेड्यांना रस्ता नाहीं. फार काय, जूनो ही राजधानी, पण तिलाहि बाहेरून मोटारीनें जातां येत नाहीं. उन्हाळ्यांत नदी आणि हिंवाळ्यांत कुत्र्यांची गाडी, एवढ्यावर तेथील व्यवहार चाले. १९२४ च्या फेब्रुवारींत कार्ल बेन आयल्सन ह्या वैमानिकानें फेअरबँक्सहून मॅग्राथ ह्या गांवीं विमानानें टपाल नेलें. कुत्र्यांच्या गाडीला ज्या वाटेवर आठवडे लागत, ती त्यानें तीन तासांच्या आंत कापली. तेव्हांपासून लहान विमान हीच तेथील बैलगाडी आणि तेंच एस्. टी. होऊन बसलें आहे. हाच आयल्सन पुढें १९२९ साली सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून मरण पावला. हा दुसरा मजकूर आईला वाचून दाखवावयाचा नाहीं, एवढें मीं मनाशीं ठरविलें.

पुतणीला संशोधनासाठीं आणि सुटीसाठीं जेथें जावयाचें असतें तीं सर्व स्थळें अशींच बिनरस्त्याचीं. भाड्याचें विमान हिंवाळ्यांत मिळतें, पण घेणाऱ्याच्या सोयीनें मिळत नाहीं. आणि ठरलेल्या वेळीं परत केलें पाहिजे ह्या घाईंत माणूस नको त्या हवेंत निघतो. हें तिचें म्हणणें मला पटलें. स्वतःचें विमान असलें तर "आज नाहीं" असें म्हणतां येतें.

मीं २०२४ च्या फेब्रुवारींत गेलों. एवढ्या थंडींत जाण्याचें कारण काय, असें वहिनींनीं विचारलें. घर घेतांना छप्पर पावसाळ्यांत पाहावें. तसें तेथील विमान हिंवाळ्यांत पाहावें, असें मला वाटलें. उतरलों त्या दिवशीं शून्याखालीं ३६ अंश सेंटिग्रेड होते. आणखी चार अंश उतरले असते म्हणजे सेंटिग्रेड आणि फॅरनहीट हीं दोन्हीं मापें एकाच आंकड्यावर आलीं असतीं. शाळेंत पाठ केलेली ही गंमत तेथें नाकाच्या शेंड्याला समजते. गांवांतल्या प्रत्येक मोटारीच्या तोंडांतून विजेची एक वायर लोंबत होती. गाडी उभी केली कीं ही वायर भिंतींतल्या भोकाला लावावयाची. नाहीं तर संध्याकाळपर्यंत एंजिनाचा दगड होतो.

विमानतळाच्या एका कोपऱ्यांत लहान विमानें दुरुस्त करणारे एक सत्तरीचे गृहस्थ होते. पुतणीनें मला त्यांच्याकडे नेलें. विमान घ्यावयाचें म्हणतांच ते वेगाविषयीं, उंचीविषयीं किंवा किंमतीविषयीं बोलतील अशी माझी अपेक्षा. त्यांनीं विचारलें तें निराळेंच. रात्रीं तें कोठें ठेवणार? परक्या गांवीं त्यांत पेट्रोल कोण आणि कशांतून ओतणार? आणि सकाळीं तें सुरू झालें नाहीं तर तेथें किती दिवस राहण्याची तयारी आहे? तिन्हीं प्रश्न विमान जमिनीवर असतांनाचे होते. त्यावरून त्या माणसाचा अधिकार माझ्या ध्यानांत आला.

त्याचें कारण असें कीं, हवेंत असतांना थंडी विमानाला पुष्कळशी अनुकूलच असते. शून्याखालीं ४० अंशांवरची हवा आपल्याकडील हिंवाळी सकाळच्या हवेपेक्षां जवळजवळ चौथाईनें अधिक दाट असते. दाट हवेंत पंखांना उचल अधिक मिळते, प्रॉपेलरची पकड वाढते, एंजिन जोमानें ओढतें, आणि विमान थोड्याच धांवेंत जमीन सोडतें. त्रास सगळा उभें असतांना.

येथें मला थोडें माझ्या धंद्याचें बोलूं द्यावें. विमानाच्या लहान एंजिनाचें बाहेरचें घर, ज्याला क्रँककेस म्हणतात, तें अल्युमिनियमचें असतें. आणि आंतला फिरणारा क्रँकशाफ्ट पोलादाचा. थंडीनें अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतें. म्हणजे घर आंतल्या माणसाला आवळूं लागतें, बेअरिंगांतली तेलाची जागा कमी होते, आणि त्याच वेळीं तेल गोठलेल्या काकवीसारखें होऊन त्या जागेपर्यंत पोंचत नाहीं. अशा स्थितींत जोर करून एंजिन फिरविलें तर एका सकाळींच त्याचें पुष्कळ तासांचें आयुष्य झिजलें म्हणून समजावें. म्हणून शून्याखालीं सात ते बारा अंशांपलीकडे एंजिन आधीं ऊब देऊन मगच सुरू करावें, असें एंजिन करणारेच सांगतात. जुने वैमानिक रात्रीं उतरल्याबरोबर गरम तेल डब्यांत काढून घेत, तो डबा उशाशीं घेऊन निजत, आणि सकाळीं चुलीवर तापवून पुन्हां ओतीत. एंजिनावर कॅनव्हासचा बुरखा टाकून त्याखालीं स्टोव्ह पेटवीत. बुरख्याने पेट घेतला तर विमानहि जाई. हल्लीं गांवांत असतांना विजेच्या पट्ट्या एंजिनाला चिकटवून ठेवतात, आणि रानांत पेट्रोलची लहान शेगडी व पत्र्याचें धुराडें बरोबर नेतात. साधन सुधारलें, पण क्रम तोच राहिला.

आणखी एक गोष्ट त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनीं दाखविली, ती पाहून मला फार आनंद झाला. एंजिनाच्या पोटांतली वाफ बाहेर जाण्यासाठीं एक नळी असते. कडक थंडींत ह्या नळीच्या तोंडाशीं वाफेचें बर्फ होऊन बूच बसतें. आंत दाब वाढतो. आणि तो पुढच्या बाजूचें तेलाचें सील उडवून देतो. मग कांहीं मिनिटांतच सारें तेल बाहेर. ह्यावर उपाय काय, तर नळीला तोंडापासून वर, ऊब असलेल्या जागीं, एक लहानशी खांच पाडून ठेवावयाची. खालचें तोंड मिटलें तरी वरून श्वास चालू राहतो. एवढ्याशा खांचेवर दोन जीव अवलंबून असतात. आणि विमान पाहावयास येणारे लोक बैठकीच्या कातड्याला हात लावून पाहतात!

आतां स्थळांकडे वळतों. पहिलें स्थळ जांवयांनीं सुचविलें होतें. नवें, गुळगुळीत, वेगवान. पंख खालच्या अंगास, समोर नकाशांचे पडदे, आणि संकटसमयीं अख्खें विमान हळूहळू खालीं आणणारें एक पॅराशूट. हें पॅराशूट आईच्या कानांवर गेलें असतें तर तिनें दुसरें कांहीं पाहूंच दिलें नसतें. उत्तम रस्त्याच्या आणि उत्तम विमानतळाच्या मुलखांत हें विमान मीं आनंदानें पसंत केलें असतें. पण खालचे पंख बर्फाच्या बांधांना आणि झुडपांना अडतात. पुढचें लहान चाक मऊ बर्फांत रुततें. आणि चाकांऐवजीं स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांबट पट्ट्या, त्याला बसवितां येत नाहींत. पॅराशूटनें अरण्यांत सुखरूप उतरलेल्या माणसाला रात्र अखेर त्या अरण्यांतच काढावी लागते, ह्याचाहि विचार करावा लागतो. जांवई समंजस आहेत. त्यांनीं आपलें स्थळ मागें घेतलें.

दुसरें स्थळ पायपर कंपनीचें सुपर कब. हें १९४९ साली निघालें. पुढें एक व मागें एक अशा दोन बैठका, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापडाचें मढवण, आणि दीडशें अश्वशक्तीचें साधें एंजिन. कापड फाटलें तर चिकटपट्टी लावून घरीं येतां येतें. तेथील लोकांची ह्या विमानावर जी भक्ति आहे ती आपल्याकडे एखाद्या कुलदैवतावर असावी तशी. टॉकीटना गांवचे डॉन शेल्डन, जे १९७५ साली वारले, त्यांनीं देनाली पर्वताच्या हिमनद्यांवर गिर्यारोहकांना उतरविण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. त्यांच्या विमानांत हेंहि होतें. पुतणीचा जीव ह्यावरच जडलेला. तिच्या टेबलावर त्याचें चित्रहि होतें.

अशा वेळीं प्रेमाशीं वाद घालूं नये. वजनकांटा पुढें करावा. प्रत्येक विमानाला एक कायदेशीर कमाल वजन असतें, आणि त्या विशिष्ट विमानाचें रिकामें वजन त्याच्या कागदांत लिहिलेलें असतें. आम्हीं पाहिलेल्या सुपर कबचें कमाल वजन ७९४ किलो. स्कीसकट रिकामें ५०६. राहिले २८८. टाक्या भरल्या कीं १३६ लिटर पेट्रोलचे ९८ किलो जातात. राहिले १९०. नवराबायको, त्यांचे जाड कोट आणि दोनदोन किलोंचे जोडे मिळून १६०. राहिले ३०. ह्या तीस किलोंत एंजिनाचा बुरखा, शेगडी, पंखांचीं आच्छादनें, दोऱ्या, फावडें, तंबू, झोपण्याच्या पिशव्या आणि आठवड्याचें अन्न बसवावयाचें. हें सामान मीं स्वतः कांट्यावर ठेवून पाहिलें. तें ३८ किलो भरलें. आठ किलो अधिक म्हणजे फार नव्हेत, असें विकणारे म्हणाले. तसें फार नव्हेतच. परंतु पेट्रोल कमी भरून चालवूं म्हटलें तर पोंच कमी होते, आणि तंबू घरीं ठेवूं म्हटलें तर ज्या रात्रीसाठीं ही सारी उठाठेव तीच रात्र उघड्यावर येते. एकट्या माणसाला सुपर कबसारखें विमान नाहीं. पण एकटीनें हिंवाळ्यांत जावयाचें नाहीं, हें पुतणीनें आधींच कबूल केलें होतें. तिनें तो हिशेब दोनदां केला, पेन्सिल खालीं ठेवली आणि बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मीहि चहा करावयास उठलों.

तेथील सामानाविषयीं एक माहिती येथें द्यावीशी वाटते. अलास्कांत लहान विमानांतून कोणतें सामान न्यावें ह्याची यादीच पूर्वीं कायद्यानें घालून दिली होती. त्या जुन्या यादींत प्रत्येकाचें आठवड्याचें अन्न, कुऱ्हाड, सुरी, काडेपेटी, मासे धरण्याचे गळ, खुणेचा धूर, इतकेंच नव्हे तर डोक्यावर घालावयाची डासांची जाळीहि होती; आणि हिंवाळ्यांत बर्फावरून चालण्याचे जोडे व झोपण्याची पिशवी. कायदा करणारांत कोणी तरी प्रपंच केलेली गृहिणी असली पाहिजे, असें ती यादी वाचून मला वाटलें.

आदर्श विमान कसें असावें हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं कॅनडांतील डी हॅविलंड कंपनीचें बीव्हर पाहावें. तें १९४७ साली प्रथम उडालें. तें करण्यापूर्वीं कंपनीनें रानावनांत उडणाऱ्या वैमानिकांनाच विचारलें कीं तुम्हांला काय हवें. आणि त्यांनीं सांगितलें तसें केलें. एंजिनांत तेल ओतण्याचें तोंड वैमानिकाच्या पायाशीं, आंतच ठेवलें, म्हणजे बाहेर न जातां, उडतांनासुद्धां, तेल घालतां यावें. सोयीस्कर बायकोमाणसानें मांडलेल्या स्वयंपाकघरासारखें तें विमान आहे. पण त्याचें साडेचारशें अश्वशक्तीचें एंजिन तासाला ऐंशी नव्वद लिटर पेट्रोल पितें. शिक्षकाच्या घरीं तो हत्ती बांधतां येत नाहीं.

तिसरें स्थळ सेस्ना १८०, जन्मसाल १९५६. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनीं वडील. आईला मीं हें दूरध्वनीवरून सांगितलें तेव्हां तिचा पहिला उद्गार असा कीं, "अरे, बैलसुद्धां आपण दांत पाहून घेतों!" तिला समजावून सांगणें कठीण गेलें. विमानाचें वय मोटारीसारखें मोजीत नाहींत. दरवर्षीं अधिकारी माणसाकडून तें उघडून तपासून घ्यावें लागतें. एंजिन ठराविक तासांनीं पूर्ण सुटें करून नव्यासारखें करतात. आणि ह्या सगळ्याची नोंद पहिल्या दिवसापासून वह्यांत असते. ह्या वह्या म्हणजे विमानाची जन्मपत्रिका. ज्याच्या वह्या हरवल्या आहेत असें विमान कितीहि देखणें असलें तरी दाराशीं आणूं नये.

आम्हीं त्या वह्या तीन संध्याकाळ वाचल्या. शेपटीखालीं चाक असलेल्या ह्या जातीच्या विमानाला जमिनीवर उतरतांना गर्रकन् फिरण्याची खोड असते. तेव्हां एवढ्या वर्षांत पंखाचें टोक एकदां तरी दुरुस्त झालेलें असणारच. १९७० नंतरच्या दशकांत तसें झाल्याची नोंद होती आणि दुरुस्ती नीट लिहिलेली होती. मला भीति निराळी होती. असें विमान जर पुष्कळ वर्षें खाऱ्या पाण्यावर तराफ्यांनीं उतरत असेल तर अल्युमिनियम आंतून कुजतें आणि बाहेरून रंग देऊन झांकतां येतें. मिस्त्रींनीं शेपटीकडचे पत्रे काढले, आरसा आणि दिवा घेऊन आम्हीं दोघे दोन तास त्या पोकळींत पाहत होतों. धातु स्वच्छ निघाला.

शेपटीखालचें चाक हेंच मुळीं कां घ्यावें, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण पुढें चाक असलेलीं विमानें उतरावयास सोपीं, आणि त्यांचा विमाहि स्वस्त. परंतु शेपटीवर टेकलेल्या विमानाचें नाक वर असतें, म्हणून प्रॉपेलर बर्फाला आणि दगडांना लागत नाहीं. आणि खड्ड्यांत मोडून पडावयास पुढें नाजूक चाकच नसतें. अवघड चाल शिकून घ्यावयाची आणि अवघड जागीं निर्भय राहावयाचें, असा हा सौदा आहे. पुतणीनें ती चाल शिकून घेतली होती.

पेट्रोलचा प्रश्न त्या म्हाताऱ्यांनीं उगाच विचारला नव्हता. विमानाचें खास पेट्रोल दूरच्या खेड्यांत एक तर पिंपांतून महाग मिळतें किंवा मिळतच नाहीं. नवीं जोरदार एंजिनें त्याशिवाय चालत नाहींत. १९५६ च्या ह्या एंजिनांत दाब कमी. त्यामुळें रीतसर परवानगीचा कागद घेऊन मद्यार्क न मिसळलेलें मोटारीचें पेट्रोलहि त्याला चालतें. पिंपांतलें पेट्रोल मात्र गाळूनच घ्यावें लागतें, कारण त्यांतल्या पाण्याच्या थेंबाचा बर्फ होऊन नळींत अडकतो.

वजनाचा हिशेब असा झाला. कमाल ११५७ किलो, स्कीसकट रिकामें ७६२, राहिले ३९५. भरल्या टाक्यांचे १५०, माणसांचे १६०, सामानाचे ३८. तरी ४७ किलो हातीं राहिले. दोन्हीं विमानें एका भरण्यांत सारखींच, सुमारें चार तास उडतात; पण सुपर कब स्कीवर तासाला दीडशें किलोमीटर जाईल तर हें दोनशेंच्या वर. फेअरबँक्सला डिसेंबरांत दिवस पावणेचार तासांचाहि नसतो. तेथें हा वेग चैनीचा नसून उजेड असतांना घरीं येण्याचा आहे.

एवढें सगळें कागदावर जमलें, तरी आईला काय सांगावयाचें हें माझें ठरेना. मग एके दिवशीं मालकाच्या परवानगीनें आम्हीं तें विमान बाहेर काढलें. पुतणी डावीकडे, तिचे शिक्षक उजवीकडे, आणि मी मागें. शून्याखालीं २४ अंश होते. पंखांवरचीं आच्छादनें काढणें, राहिलेलें दंव दोरीनें घांसून उतरविणें (खरखरीत कागदाएवढा पातळ थर असला तरी पंखांची उचल तीस टक्क्यांपर्यंत जाऊं शकते), स्कीखालीं घातलेल्या फळ्या काढणें, कारण नुसत्या बर्फावर उभ्या केलेल्या स्की रात्रींतून जमिनीला चिकटतात. एंजिन तापविणें, तेल पाहणें, आणि पायांशीं ऊब देणाऱ्या नळींतून विषारी धूर आंत येत नाहीं ना हें दाखविणारें यंत्र तपासणें. आम्हीं आलों तेव्हांपासून एंजिन सुरू होईपर्यंत अडीच तास गेले. उडावयाचें होतें पाऊण तास.

तानाना नदीच्या पलीकडे एका गोठलेल्या तळ्यावर ती उतरली. वरून पांढरी शुभ्र, सपाट, निर्दोष अशी ती जागा. परंतु अशा बर्फाखालीं कधीं कधीं गोठलेल्या थराच्या फटींतून पाणी वर येऊन राहतें. वरच्या हिमामुळें तें दिसत नाहीं आणि गोठतहि नाहीं. त्यांत स्की बुडाल्या कीं विमान जागच्या जागीं चिकटून बसतें. म्हणून प्रथम थांबावयाचें नाहीं. स्की नुसत्या टेकवून लांब ओढ काढावयाची, पुन्हां उडावयाचें, आणि वरून आपल्याच चाकोऱ्या पाहावयाच्या. पहिल्या तळ्यावर त्या पांढऱ्या राहिल्या. आम्हीं उतरलों, चहा प्यालों. दुसरें तळें तिच्या कामाचें होतें. तेथेंच तिला वसंतांत उपकरणें ठेवावयाचीं होतीं, आणि तें पाहण्यासाठीं ती महिनाभर थांबली होती. तिनें ओढ काढली, वर घेतलें, वळविलें. चाकोऱ्यांच्या मधोमध एक राखी छटा उमटत होती. फार पुसट; मला दिसली नसती. शिक्षक कांहीं बोलले नाहींत. मीं मागून तिच्या मानेकडे पाहत होतों. तिनें दुसरी घिरटी घेतली नाहीं, पुन्हां टेकवून पाहिलें नाहीं. "ओलें आहे, काका. घरीं जाऊं," एवढें म्हणून तिनें विमान उत्तरेला वळविलें.

त्याच रात्रीं मीं आईला पत्र लिहिलें. पत्रच लिहिलें, कारण दूरध्वनीवर ती मध्येंच बोलूं लागली असती. विमानाचें वर्णन त्यांत पांचच ओळींचें होतें. बाकीचें पत्र त्या दुसऱ्या तळ्याविषयीं होतें. पुतणीनें आपण होऊन घातलेले नियमहि लिहिले: शून्याखालीं ३० च्या पुढें विमान हलवावयाचें नाहीं, हिंवाळ्यांत एकटीनें जावयाचें नाहीं, आणि उतरल्याबरोबर उपग्रहामार्फत घरीं निरोप धाडावयाचा. पत्राच्या शेवटीं, तुझें काम माझ्या हातून होत नाहीं, असें मीं स्पष्ट लिहिलें.

आठ दिवस उत्तर आलें नाहीं. दादा म्हणाले, ती पत्र उशाखालीं ठेवून आहे, बोलत नाहीं. नवव्या दिवशीं तिनें दूरध्वनी लावावयास सांगितला आणि पुतणीला एकच विचारलें: रात्र काढावी लागली तर पांघरूण काय आहे? पुतणीनें पिशव्यांचें वर्णन केलें. त्यावर आईचा विश्वास बसला नाहीं. आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी पाठवितें म्हणाली. सुती कापड ओल धरतें, आणि ओलें झालेलें सूत त्या थंडींत अंगावर असण्यापेक्षां नसलेलें बरें, हें पुतणीनें तिला फार हळुवारपणें सांगितलें. लोकर मात्र भिजली तरी ऊब देते, असेंहि सांगितलें. "मग घोंगडी चालेल," आई म्हणाली.

विमान एप्रिलांत घेतलें. मे महिन्यांत दादांकडे येऊन गेलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर काळी घोंगडी तिकडे गेली. पुतणीनें ती कांट्यावर ठेवली आणि विमानांतील सामानाच्या तक्त्यांत, फावड्याच्या खालीं आणि तंबूच्या वर, तिची नोंद केली. त्या तक्त्याची एक प्रत तिनें मला पाठविली आहे. इतर सारें इंग्रजींत आहे. ती एक ओळ मराठींत: आजीची घोंगडी, २.६ किलो.